नागपूरच्या महाल भागातून घेतलेला लोखंडी कूलर : दुसऱ्या उन्हाळ्यातला रिव्ह्यू

नागपुरात कूलर घ्यायला गेलं की आपण टप किती लिटरचा ते विचारतो, फॅन किती इंची ते विचारतो, भाव करतो आणि ऑटोत टाकून घरी आणतो. मी ज्या दुकानातून घेतला तिथल्या भाऊंनी उलट मलाच प्रश्न विचारले आणि त्यातल्या काहींना माझ्याकडे उत्तरच नव्हतं. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे. कूलरचं सांगतेच, पण आपल्याला नेमका कशात आराम वाटतो ते शोधायचं कसं हेपण सांगायचं आहे, माझ्यासाठी या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्यात.

आधी वस्तू सांगते. महाल भागातल्या एका गल्लीत शटरच्या आत वेल्डिंग मशीन, बाहेर रस्त्याच्या कडेला रंग वाळत ठेवलेल्या लोखंडी बॉड्या, असं ते दुकान. बोर्ड आहे पण त्यावरचं नाव उन्हानं उडालंय. जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची बॉडी, १८ इंची एक्झॉस्ट फॅन, तीन बाजूंना ताट्या म्हणजे पाणी झिरपतं ते पॅड, खाली पाण्याचा टप, त्यात छोटासा पंप आणि समोर वर-खाली होणाऱ्या झडपा, बस एवढंच. रिमोट नाही, डिस्प्ले नाही, बर्फाचा कप्पा वगैरे काही नाही. स्टँड वेगळा घ्यावा लागतो. मला सगळं मिळून दहा हजारांच्या आत पडलं आणि साध्या ताट्यांऐवजी वाळ्याच्या घेतल्या त्याचे थोडे वर.

आता ते प्रश्न. खोली केवढी, वर स्लॅब आहे का अजून मजला, खिडकीचं तोंड कुठं, हे मी सांगितलं. आमचं घर मानेवाड्याकडे, वरचा मजला, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब, तो दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली खोलीत उष्णता सोडत राहतो, हे नागपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. मग भाऊंनी विचारलं, "ताई, झोपता तवा डोकं कोन्या बाजूले असते? हवा डायरेक्ट अंगावर चालते का, का नुसती खोली थंडी पाह्यजे? आवाज चालते का तुमाले?" मी म्हटलं, भाऊ, सगळ्यांना चालतो तसा द्या. तर ते हातातली पकड खाली ठेवून म्हणाले, "सगळ्याईचं राहू द्या, तुमाले काय चालते ते सांगा. दोन-चार रात्री पाहून घ्या अन मग या, कूलर काही पळून नाही जाऊन राहिला."

विक्री हातात आलेली असताना गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

घरी आल्यावर मी खरंच पाहायला लागले. आमच्याकडे एका खोलीत एसी आहे, उन्हाळ्यात सगळे तिथंच गाद्या टाकून झोपतो, का तर लाइट बिल एकाच खोलीचं यावं. तिथली झोप कशी लागते असं कोणी विचारलं असतं तर मी मस्त म्हटलं असतं, कारण थंड म्हणजे मस्त असं आपण धरूनच चालतो. पण लक्ष ठेवल्यावर दिसलं की पहाटे तीनच्या सुमारास माझी झोप मोडते, घसा कोरडा पडलेला असतो, पाय गार पडलेले असतात आणि दार बंद असल्यामुळे छातीवर काहीतरी दडपण असल्यासारखं वाटतं. यांना तसं काही होत नाही, मुलाला तर पांघरूण घेऊन एसी हाच खरा उन्हाळा वाटतो. म्हणजे एसी वाईट असं नाही, मला बंद खोली चालत नाही एवढंच, आणि चाळिशी ओलांडून गेल्यावर हे मला पहिल्यांदा शब्दांत सांगता आलं. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकोनात बाजूला एक-एक शब्द लिहायला लागले, जाग, कोरडं, बरं, असं. त्याच्यावर अजून कशाचीच गरज पडली नाही.

आवाजाचं तर त्याहून नवल. मला वाटायचं मला शांत खोली लागते. एक रात्र मधल्या खोलीत सासूबाईंजवळ झोपून पाहिलं, फॅन हळू, खिडकी उघडी, सगळं चिडीचूप, तर मी रात्रभर ऐकतच होते. खालच्या गेटची कडी वाजली, मुलगा खोकला, फ्रिज सुरू झाला, कोणाची तरी गाडी वळली, पहाटे दूधवाल्याची घंटा. घरातल्या बाईचे कान झोपेतही कामावर असतात, लग्न झाल्यापासूनच नाही, त्याच्याही आधीपासून, आईला दम्याचा त्रास होता तेव्हापासून. शांततेत ते कान जास्तच ताणले जातात, कारण प्रत्येक बारीक आवाज वेगळा कळतो. एकसारखी घरघर असली की मधले छोटे आवाज तिच्यात बुडून जातात आणि मेंदूला प्रत्येक वेळी दचकायचं कारण उरत नाही. लहान बाळाला मिक्सरच्या नाहीतर फॅनच्या आवाजात झोप लागते तेही बहुतेक यामुळेच. माझ्या लक्षात आलं की ट्रेनमध्ये मला इतकी गाढ झोप का लागते. तिथं माझ्यावर कोणाच्या खोकल्याची जबाबदारी नसते, असली तरी ऐकूच येत नाही.

हे कळल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले, खरं सांगते. इतकी वर्षं स्वतःला झोप कमी लागणारी बाई समजत होते.

परत गेले आणि सांगितलं, डोकं उत्तरेकडच्या खिडकीजवळ असतं, हवा डोक्यावरून जावी पण पायावर नको, खोली उघडी पाहिजे, आवाज चालतो, उलट पाहिजेच. सासूबाईंचे गुडघे धरतात म्हणून त्यांच्या खाटेवर सरळ झोत नको. भाऊंनी त्याप्रमाणे स्टँड नेहमीपेक्षा उंच केला आणि झडपा अशा बसवल्या की हवा छताकडे जाऊन मग खाली उतरते. खिडकी उत्तरेची असल्यानं कूलरवर दुपारचं ऊन येत नाही हे बरंच झालं म्हणाले, पश्चिमेच्या खिडकीत लावला तर पत्राच तापतो.

आता काम कसं करतो ते. मागच्या वर्षीच्या मे महिन्यापासून वापरतेय, म्हणजे हा दुसरा उन्हाळा. नागपूरची गरमी कोरडी असते आणि कूलर तिच्यासाठीच बनलाय. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, एका लिटरला साधारण २४०० किलोज्यूल, आणि ती उष्णता ओल्या ताटीतून जाणारी हवा स्वतःतून देते, म्हणून गार होते. बाहेर ४५ डिग्री आणि हवेत दमटपणा १५ टक्के असला तर हिशेबानं कूलरची हवा २८ च्या आसपास येऊ शकते. मे २०१३ मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता, आठवत असेल, नवतपा (मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस) जवळ आला होता, तसल्या दिवसांत कूलर सगळ्यात चांगला चालतो हे ऐकायला उलटं वाटेल पण तसंच आहे, हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. आणि जूनमध्ये पाऊस लागला की संपलं. ३२ डिग्री आणि ८५ टक्के दमटपणा असताना तो दोन डिग्रीसुद्धा धड उतरवू शकत नाही, फक्त चिकचिक करतो. मुंबई-कोकणातल्या नातेवाइकांना घेऊन देऊ नका.

आणि खोली उघडी ठेवावीच लागते, समोरची खिडकी नाहीतर दार, नाहीतर ओली हवा आत कोंडते आणि तासाभरात खोली गदगदते. कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणारे लोक मग म्हणतात की लोकल कूलर बेकार आहे. मला तर हेच आवडलं, थंडावा आहे आणि रात्री समोरच्या खिडकीतून कडुलिंबपण दिसतो.

विजेचं सांगायचं तर हा साधारण २०० वॅट घेतो, म्हणजे दहा तास चालला तर दोन युनिट. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॅटच्या जवळपास खातो. बिलात फरक पडला, पण त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो हिशेब सगळ्यांना येतो.

वाळ्याबद्दल मात्र लिहिणार. साध्या ताट्यांमध्ये लाकडाचा किस भरलेला असतो, स्वस्त असतात आणि पाणी छान धरतात, पण उन्हाळाभरात बसतात. कंपनीच्या कूलरमध्ये जाड पुठ्ठ्यासारखे हनीकोंब पॅड येतात, ते टिकतात जास्त, खारं पाणी असलं तर मात्र त्यांच्या भोकांत क्षार साचतो. वाळा म्हणजे गवताची मुळं, माठात टाकतो तोच. पहिल्या दिवशी पंप सुरू केला आणि वरच्या पन्हाळीतून पाणी झिरपत ताटी हळूहळू गडद होत गेली, वरून खाली, आणि फॅन अजून लावलाही नव्हता तेवढ्यात खोलीभर तो वास. सासूबाई खाटेवरून उठून बसल्या. म्हणाल्या, आमच्या वाड्यात दारांना ताट्या लावायचे आणि दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मग वडिलांची कचेरी, भिंतीतला फडताळ, त्यात लपवलेल्या चिंचा, असं बरंच काही निघालं, संध्याकाळच्या चहापर्यंत. वासाचा रस्ता मेंदूत आठवणी आणि भावनांच्या जागेपर्यंत फार थेट जातो, बाकी इंद्रियांचा तसा जात नाही, म्हणून एखाद्या वासानं माणूस एकदम कुठल्या कुठं पोचतं. मला स्वतःला वाळ्याची तशी काही जुनी आठवण नाही, पण आता होईल. वास पहिला महिना चांगला येतो, नंतर कमी होत जातो हे लक्षात ठेवा, आणि वाळ्याची ताटी साध्या ताटीपेक्षा बरीच महाग आहे.

पाणी भरणं हे काम आहे, ते लपवत नाही. ऐन मेमध्ये दिवसभर चालवला तर टप संध्याकाळपर्यंत तळाला जातो. फ्लोट (टप भरला की पाणी आपोआप बंद करणारा गोळा) बसवून नळ जोडून घेता येतो, भाऊंनी विचारलं होतं, मी नको म्हटलं. पाइप लावून बाल्कनीतून भरते, सहाच्या सुमारास, ऊन उतरल्यावर. भरेपर्यंत तिथून हलता येत नाही, हललं की वरून वाहणार आणि खालच्या काकूंच्या वाळवणावर सांडणार, म्हणून स्टूल टाकून बसते. तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही कारण मी काम करून राहिली आहे असं सगळ्यांना दिसतं. सुरुवातीला मोबाइल नेत होते, आता नेत नाही, पाइपाचा आवाज टप भरत आला की बदलतो, तो ऐकत बसते, समोरच्या तगरीवर बुलबुल येतात. आपल्याला बसायलासुद्धा एक कारण लागतं हे मला इथं बसून कळलं. ध्यान-बिन मला कधी जमलं नाही पण हे जमतं. दिवसभरात काय झालं, कोणाशी बोलताना आवाज चढला, कशानं बरं वाटलं, हे सगळं तिथं आपोआप वर येतं. एप्रिल-मेमध्ये चार वाजले की मी चिडचिडी होते आणि ते स्वभावामुळे नाही, रात्रीच्या मोडलेल्या झोपेमुळे होतं, हेही तिथंच एका संध्याकाळी कळलं. मुलाला सांगितलं तसं. तो म्हणाला, मग आता चारला तुला दहा मिनिटं झोपू देत जातो.

आरओचं वाया जाणारं पाणी यात टाकू नका, त्यात क्षार जास्त असतो, ताट्या पांढऱ्या पडतात आणि पंप चोंदतो. आठवड्यातून एकदा टप पूर्ण रिकामा करून, घासून, उन्हात कोरडा करायचाच, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आमच्याकडे शनिवार ठरलाय.

सगळ्यात महत्त्वाचं, करंट. लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज एकत्र आहेत आणि आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, लहान मुलं जातात, पेपरात वाचतो आणि पान उलटतो. प्लीज असं करू नका. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा, मेनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, आणि पाणी भरताना नुसता स्विच बंद करून चालत नाही, प्लग काढून ठेवायचा. ओल्या हातानं, अनवाणी कूलरला हात लावायचा नाही हे पोराबाळांना रोज सांगा, कंटाळेपर्यंत सांगा. आमच्याकडे प्लग काढल्यावर तो कूलरवर दिसेल असा ठेवतात, म्हणजे विचारावं लागत नाही.

तक्रारी पण आहेत. मागच्या बाजूच्या पत्र्याची कड धारदार होती, ताटी काढताना बोट कापलं, मग भाऊंनी येऊन कानस मारून दिली, पण ती आधीच मारायला पाहिजे होती. पहिल्याच मेमध्ये पंप बसला. गॅरंटी तोंडीच होती तरी नवीन लावून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत, मात्र ऐन गर्दीचा सीझन असल्यानं यायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. टपाच्या कोपऱ्यात या वर्षी गंज दिसायला लागलाय, सीझन संपला की आतून रंग मारून घ्यावा लागेल. फोनवर बोलायचं असलं की दुसऱ्या खोलीत जावं लागतं. आणि कूलरच्या खोलीत कुरडया, पापड, मीठ काहीच ठेवू नका, सगळं सादळतं, पुस्तकंही फुगतात.

घ्यावा कोणी? ज्याच्याकडे बाहेर उघडणारी खिडकी आहे, पाणी भरायची तयारी आहे आणि ज्याला वाऱ्याचा आवाज सहन होतो त्यानं. फ्लॅटमध्ये खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर पैसे वाया घालवू नका. ज्यांना एसीतच छान झोप लागते त्यांनी एसीतच झोपावं, आमच्याकडे हे आणि मुलगा अजून तिथंच झोपतात आणि सकाळी सगळेच ताजे असतात, आधी एकाच खोलीत एकमेकांना रिमोट मागत रात्र जायची.

दुकानात जायचं तर होळीच्या आधी जा. एप्रिल लागला की भाव चढतात आणि भाऊंना असे प्रश्न विचारायला वेळ उरत नाही, तयार असेल तो उचलून देतात. माझ्या नणंदेनं या वर्षी तिथूनच घेतला, तिला आवाज अजिबात चालत नाही म्हणून तिला छोटा फॅन आणि खाली रबराचे तुकडे लावून दिलेत. तिच्याकडे तो कसा चालतो ते उन्हाळा संपल्यावर तिला विचारून लिहीन.